चव घेणाऱ्या बाईचे नवे दात

कॉफी भाजण्याच्या त्या कारखान्यात बायका पुष्कळ होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की एकच. ती खिडकीपाशी बसायची. समोर पत्रा ठोकलेलं लांबट टेबल, त्यावर काचेचे ग्लास, गरम पाण्याची किटली, थुंकायला एक पितळी भांडं आणि एक खोलगट चमचा. तो चमचा दुसऱ्या कुणी उचलला तर ती काही बोलायची नाही; परत मिळाला की दोनदा धुवायची.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा अंथरुणाला खिळला आणि ती इथं बिया निवडायला आली. काळी, फुटकी, किडकी बी बाजूला काढायची, एवढंच काम. एकदा दिसायला चांगल्या असलेल्या पोत्यापाशी ती थबकली. “ह्याला ओल्या भिंतीचा वास येतो,” म्हणाली. तेव्हाच्या मालकांनी त्यातली मूठभर बी भाजून पाहिली, आणि कपात खरोखरच ओली भिंत उतरली. त्यांनी तिला निवडणीतून उठवून टेबलाशी बसवलं. पुढे नवरा गेला. ते मालकही गेले आणि त्यांचा मुलगा मालक झाला. बाईची मुलगी शिकून नोकरीला लागली. बाई टेबलाशीच राहिली.

भाजलेल्या बियांचं मिश्रण ठरवायचं, हे तिचं काम. कारखान्यात तीन तऱ्हेच्या बिया यायच्या आणि तिनं त्यांना जावांची नावं दिली होती. सखल भागातली ती थोरली. दाट, कडू, घर पेलणारी, पण एकटीच्या हाती घर दिलं तर कुणाला सोसायची नाही. पठारावरची मधली, भाजल्या शेंगदाण्यासारखी गोडसर. असते तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, नसली की सगळं विस्कटतं. डोंगरातली ती धाकटी. आंबट, सुगंधी, उंबऱ्यात आली की घरभर कळतं, पण घडीभर टेकत नाही.

नवा मालक सुरुवातीला म्हणाला होता, “मावशी, प्रमाण एकदाच ठरवू आणि भिंतीवर लावून टाकू. रोज चाखायचं कशाला?”

“जावा रोज सारख्या वागतात का?” बाई म्हणाली. “यंदा धाकटी रोडावलीय, तिला मूठभर जास्त घ्यावं लागतं. थोरलीचं पोतं गोदामात जास्त दिवस पडलं, ती मवाळ झाली. आपण रोज थोडं बदलतो, म्हणून गिऱ्हाइकाला वाटतं काहीच बदललं नाही.”

तिच्या पाठीमागे भट्टी, आणि भट्टीपाशी भट्टीवाले. बाईच्याच वयाचे, तिच्याइतकेच जुने. तिघींना एकत्र भाजायचं नाही, हा त्यांचा नियम. “प्रत्येकीची आच वेगळी. एकदम घातल्या तर एक कच्ची राहील आणि दुसरी करपेल. मी वेगवेगळ्या भाजून देतो. मग कशा नांदवायच्या त्या बाईंनी नांदवाव्यात.”

बी पुरती तापली की लाहीसारखी तडतडते. त्या आवाजापासून पुढे बी कधी बाहेर काढायची, यात भट्टीवाल्याचं सगळं कसब. पण ड्रमच्या घरघरीत उभं राहून राहून भट्टीवाल्यांचे कान मंदावले होते. तडतड त्यांना ऐकू येईनाशी झाली होती. पहिली बी तडतडली की बाई टेबलाच्या पत्र्यावर चमचा ठणकन वाजवायची. तो ठणका त्यांना ऐकू यायचा. कारखान्यात सगळ्यांना वाटायचं, बाईची खोड आहे. ह्या विषयावर त्या दोघांत कधी एक शब्द झाला नव्हता.

बाईचे वरचे दात एकेक करून गेले तेव्हा ती हसताना तोंडावर हात घ्यायला लागली. मग मागाहून बोलतानाही. मुलीला ते बघवेना. तिनं आईला दातांच्या डॉक्टरकडे नेलं आणि पहिल्या बोनसमधून वरची कवळी करवून घेतली. बाई ती घालून कामावर आली तेव्हा भट्टीवाल्यांनी वाकून पाहिलं.

“दात आले. आता चणे कुठून आणायचे?”

“तुमच्या डोक्यात भरलेत तेवढे पुरतील,” बाई म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी हात न घेता हसली.

त्या कवळीखाली तिची सगळी टाळू झाकली गेली होती. पूर्वीसारखा जोरात सुरका मारला की कवळी टक् करून खाली यायची, म्हणून ती सावकाश घोट घेऊ लागली. आणि कॉफी तिला काचेपलीकडून आल्यासारखी वाटू लागली. ओळखीचं माणूस खिडकीतून हात करतं पण बोलणं ऐकू येत नाही, तशी. तिला वाटलं, नवा माल हलका आलाय. तिनं थोरली मूठभर वाढवली. तरी कॉफी पातळच लागली, म्हणून आणखी मूठभर.

रुग्णालयाच्या कँटीनचा माणूस येऊन म्हणाला, “घशात ओरखडा उठतोय हो.” महिन्याभरानं तोच म्हणाला, “आता कडूही लागते आणि कच्चीही.” मालक बाईच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ रिकाम्या ग्लासाशी खेळत राहिला.

“मावशी, सोमवारी मी स्वतः चव घेतो. जमत नसेल तर तयार मिश्रण बाहेरून घेऊ. तुम्हीही दमला असाल.”

बाईनं मान हलवली. टेबल उचलून नेतील, एवढंच तिच्या डोक्यात आलं, आणि तिथली फरशी मोकळी कशी दिसेल ते.

रविवारी तिच्या हिरड्या दुखत होत्या. कवळी वाटीत पाण्यात ठेवून ती स्वयंपाकघरात बसली होती. मुलीनं कारखान्यातल्याच पुडीची कॉफी करून दिली. बाईनं घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“हे काय?”

“तुझंच मिश्रण. महिनाभर हेच पितोय आपण.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“तुझ्या कामातलं मला काय कळतं, आई.”

बाईनं कवळी बसवून घोट घेतला. मग काढून घेतला. पुन्हा बसवली, पुन्हा काढली. मुलगी ओट्यापाशी उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून तिलाही कळत चाललं होतं, म्हणून बाई घाईनं म्हणाली, “दात चांगलेत गं. मला आवडलेत. फक्त ह्यांना कॉफीतलं काही कळत नाही.”

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचली. भिंतीकडे तोंड करून कवळी काढली, रुमालात गुंडाळली. शनिवारी भाजलेल्या बिया घेतल्या आणि तिघींना कवळीच्या आधीच्या, जुन्या प्रमाणानं एकत्र केलं. आता घर थाऱ्यावर यायला हवं होतं. तिनं जोरात सुरका मारला.

कॉफी आंबट होती. आंबट आणि कच्ची, ओल्या गवताचं पाणी प्यायल्यासारखी. तिनं दुसरा ग्लास केला, तिसरा केला. तिन्ही तसेच. म्हणजे कवळीचा दोष नव्हता. जीभच गेली होती.

भट्टीवाले आले तेव्हा ती खुर्चीत तोंडावर हात घेऊन बसली होती.

“मालक आले की सांगते,” ती हाताआडून म्हणाली. “माझं संपलं. कवळीत टाळू झाकली जाते, म्हणून थोरली वाढवत बसले होते. आज काढून, जुन्या प्रमाणानं केली. तरी आंबट.”

भट्टीवाले भट्टी पेटवायच्या ऐवजी स्टूल ओढून बसले.

“आंबटच लागणार,” ते म्हणाले. “तुमची जीभ ठीक आहे. थोरली मी महिनाभर कमी भाजतोय.”

“कमी? का?”

“तुम्ही तिला वाढवत होतात. कँटीनवाला बोलून गेला. म्हटलं, भट्टीतून थोडी आधी काढली तर कडूपणा उतरेल, तुमच्यावर काही यायचं नाही.”

“मग ती मला आणखी पातळ लागली. मी आणखी वाढवली.”

“मी आणखी आधी काढली.”

एकाच दाराला दोघांनी दोन बाजूंनी महिनाभर ढकलावं आणि दार का उघडत नाही म्हणून हळहळावं, तसं झालं होतं.

“तोंड उघडून विचारायचं होतंत,” बाई म्हणाली.

“तुम्ही माझ्या कानांचं कधी विचारलंत?”

बाईनं एका हातानं चमचा जवळ ओढला.

“थोरली नव्यानं भाजतो,” भट्टीवाले उठले. “हवं तर टेबल भिंतीकडे वळवू. मी इकडे बघणार नाही.”

ड्रम फिरायला लागला. गरम बियांचा आधी गवताचा, मग पावाचा वास सुटला. बाई एका हातानं तोंड झाकून बसली होती. पहिली बी तडतडली तेव्हा दुसऱ्या हातानं तिनं चमचा वाजवला. तिथवर निभलं. पण बिया थंड झाल्या, दळल्या, ग्लासात पाणी ओतलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की एका हातात ग्लास लागतो आणि दुसऱ्यात चमचा. तोंडासाठी हात उरत नाही.

तिनं तोंडावरचा हात काढला आणि खच्चून सुरका मारला. घोट सगळ्या टाळूवर पसरला. आधी धाकटी आली, नेहमीसारखी घाईत. मग मधली. मग मागून थोरली, दोघींना सांभाळत, सावकाश.

मान वर केली तर भट्टीवाले बघत होते.

“हसू नका.”

“हसतंय कोण. तुम्हाला दात नाहीत, मला कान नाहीत. नाकं दोघांची शाबूत आहेत. तेवढ्यावर चालेल की.”

मालक आला तेव्हा बाईचं तोंड उघडंच होतं. “चव घेताना मी दात काढून बसणार,” ती म्हणाली. “बघायला बरं दिसत नाही. चालेल का, ते कॉफी पिऊन सांगा.”

मालकानं एक घोट थुंकायच्या बेतानं घेतला आणि गिळला. मग ग्लास घेऊन खिडकीपाशी गेला, संपवला, आणि पुन्हा पुढे केला.

“टेबल इथंच राहू दे,” म्हणाला. “उजेड लागतो तुम्हाला.”

कवळी रुमालातून काढून बाईनं एका स्वच्छ ग्लासात ठेवली, रांगेत सगळ्यात शेवटी. मागे भट्टीत पुढचा घाणा फिरत होता. तडतड सुरू झाली आणि तिनं चमचा पत्र्यावर ठणकन वाजवला. मालक दचकला.

“मावशी, हे तुम्ही कशासाठी वाजवता? मी लहान होतो तेव्हापासून ऐकतोय.”

“खोड आहे हो,” बाई म्हणाली. “दात गेले, खोड राहिली.”

मागे भट्टीवाल्यांनी दांडा ओढला आणि बिया परातीत कोसळल्या.