बाबांचे ठणठणीत गुडघे

हसणार नाही असं कबूल करत असाल तर सांगतो. पण तुम्ही हसणारच, तेव्हा चहा तुमच्याकडून.

गोष्ट दोन हजार सात सालची. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. ऐन पावसाळ्यात स्कूटरवरून पडलो, पाय मोडला आणि प्लास्टर घालून गावी, आखाडा बाळापूरला, येऊन पडलो. आमचे साठेसाहेब भला माणूस. म्हणाले, कॉम्प्युटर घेऊन जा, पडल्या पडल्या जमेल तेवढं कर. मी ब्रॉडबँड घेतलं, इन्व्हर्टर बसवला, आणि काम असं काही जमलं म्हणता! सकाळी तव्यावरची गरम भाकरी, दुपारी जेवून घटकाभर झोप, संध्याकाळी बसस्टँडवर मित्रांबरोबर भजी. ज्यानं मेसची पाणचट डाळ प्यायली आहे, त्यालाच हे सुख कळेल.

दिवाळीच्या आत पाय बरा झाला. साहेबांना मात्र मी ते कळवलं नाही.

होळीच्या सुमारास साहेबांचा फोन आला. टीम लीडरची जागा रिकामी होतेय, पुण्यात परत ये, जागा तुझी. आता आली का पंचाईत? माझ्याबरोबर लागलेली पोरं पुढे निघून गेली होती, एक जण तर परदेशात जाऊन बर्फातले फोटो पाठवत होता. मला ती जागा हवी होती. पण हो म्हणायला तोंड उघडलं की दुपारची झोप डोळ्यांसमोर यायची. खरं सांगू? मला दोन्ही हवं होतं.

मग मी डोकं चालवलं. नाही म्हणायचं नाही, पण जायचंही नाही. मी आईबापांना आजारी पाडलं.

साहेबांना सांगितलं, वडिलांचे गुडघे गेलेत, मी धरल्याशिवाय खाटेवरून उठता येत नाही. आईला दिसत नाही. आणि माझा पाय अजून जिना चढू देत नाही. साहेब हळहळले. मग म्हणाले, "काळजी घे त्यांची. बघतो मी काय करता येतं ते."

घरी यातलं अक्षर बोललो नव्हतो. का? अहो, बाबा आधीच माझ्यावर वैतागलेले. भारनियमनात इन्व्हर्टर माझ्या कॉम्प्युटरला आणि ते पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले. माझा फोन चालू असला की आईनं मिक्सर लावायचा नाही. वर माझ्या लग्नाचा घोर. कुठलंही स्थळ आलं की पहिला प्रश्न, पोरगं घरीच बसून असतं व्हय? पुण्याहून बोलावणं आलंय हे कळलं असतं, तर बाबांनी माझी वळकटी स्वतः बांधली असती.

आणि एके दिवशी सकाळी साहेबांचा फोन. नांदेडला बायकोच्या नात्यात लग्न होतं, ते आटोपलं, आता जाता जाता तुझ्या आईवडिलांना भेटून जातो, निघालोच आहे.

बाबा हळद शिजवायला शेतात गेलेले. आईला म्हणालो, माझ्या ओळखीचे पुण्याचे एक गृहस्थ आणि त्यांच्या बाई येतायत, बाबा आले की त्यांना खाटेवर आडवं व्हायला सांग, उठू देऊ नको. आणि चांगली बिस्किटं आणायला बाजारात पळालो.

आता तुम्हीच सांगा. लग्नसराईचे दिवस, घरात लग्नाचं पोरगं, पुण्याचं नवराबायकोचं जोडपं स्वतःच्या गाडीनं बघायला येतंय. आमच्याकडे याचा दुसरा अर्थ कुठली आई काढेल? आडवं व्हायचा माझा निरोप तिनं बाबांपर्यंत पोहोचवलाच नाही. असल्या शुभवेळी लोळत पडतात का?

मी परतलो तेव्हा दारात गाडी उभी. बैठकीत सतरंजी अंथरलेली, साहेबांच्या हातात फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या सुशीलाची बशी, शेजारचे मारोतीकाका टोपी घालून वडीलधारे म्हणून हजर. आणि बाबा इस्त्रीच्या धोतरात ताठ बसलेले. मी तोंड उघडणार तोच बाबांनी डोळे वटारले.

"तू गप बस. मोठी माणसं बोलून राहिले."

नवरदेवानं पाहुण्यांपुढं बोलायचं नसतं. मी कोपऱ्यात मान खाली घालून बसलो.

साहेबांनी हळुवारपणे विचारलं, "गुडघे कसे आहेत आता?"

बाबांना वाटलं, पोरीकडचे लोक घराण्यात काही दुखणं आहे का याची चौकशी करतायत. "गुडघ्याला काय झालं? आत्ताच सायकलवर वावरातून येऊन राहिलो," म्हणाले, आणि उठून त्यांनी साहेबांसमोर उठाबशा काढायला सुरुवात केली. मारोतीकाका शेजारून मोजत होते.

साहेबांच्या बाईंनी आईला डोळ्यांचं विचारलं. आईला राग आला, पण पाहुण्यांपुढं दाखवायचा कसा? तिनं बसल्या जागेवरून गाडीच्या नंबरप्लेटवरचे आकडे वाचून दाखवले, आणि वर सांगितलं की गल्लीतल्या बायका सुईत दोरा ओवायला तिच्याकडेच येतात.

साहेब एकदा माझ्याकडे बघत, एकदा बशीकडे.

"पण तुम्हाला सोडून तो पुण्याला येईल का?"

"येईल का म्हंजी? आजच न्या. आमाला त्याची काहीच तकलीफ न्हाई. उलट पंखा तरी चालू होईल."

"आणि त्याचा पाय?"

इथं मी डोळे मिटले. नवरदेवात एक खोट शिल्लक होती, ती बाबांना आज निकालात काढायचीच होती. "पाय बराबर झाला की दिवाळीतच. परवा व्हॉलीबॉल खेळून आलं. ऊठ रे, चालून दाखव साहेबाला."

लोक मुलीला चालायला लावतात असं ऐकलं होतं. मी माझ्याच घरात, माझ्याच साहेबांपुढं, दारापासून भिंतीपर्यंत चालून दाखवलं. मारोतीकाका म्हणाले, परत एकदा चाल, पाहुण्यांना नीट दिसलं नसंल.

साहेबांनी बशी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "मी वेगळंच सांगायला आलो होतो. घरची अशी अडचण म्हणून वरच्यांशी भांडून परवानगी काढली होती. टीम लीडर तू, आणि काम इथूनच करायचं." मग बाबांच्या गुडघ्यांकडे आदरानं बघत म्हणाले, "पण देवाच्या दयेनं आता अडचणच उरली नाही. सोमवारी ऑफिसात ये, टीम लीडरचं पुढं बघू."

गाडी गेल्यावर बाबांना सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, आता पायताण निघतंय. पण ते उठून परत हळदीकडे गेले. रविवारी मला स्टँडवर सोडायला आले, बॅग खिडकीतून आत दिली आणि मग कुठं तोंड उघडलं.

"काहून सांगितलं न्हाईस मला? टीम लीडर बी झाला असतास आन् घरी बी राहिला असतास. आरं, मी असा लंगडलो असतो की साहेबाच्या डोळ्यात पाणी आलं असतं."

एसटी सुटली. मागं वळून बघितलं, तर बाबा सायकलवर टांग टाकून मजेत निघाले होते. पुण्यात पोहोचलो आणि पहिल्याच दिवशी कळलं, ऑफिस तिसऱ्या मजल्यावर हललंय आणि लिफ्ट बंद आहे. साहेब जिन्यात उभे होते. म्हणाले, "चढ. चालून तर दाखवलंच आहेस."