फिल्टर पेपरवरचे थेंब

रविवारी सकाळी सात वाजता आमच्या घरी गाडीचं ऑइल बघितलं जायचं. क्रम ठरलेला होता आणि तो माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अजून आहे. गाडी बोअरिंगजवळच्या फरशीवर घ्यायची, कारण बिल्डिंगच्या बाकी आवाराला उतार होता आणि उतारावर पातळी चुकीची दिसते. इंजिन चालू केलेलं असेल तर दहा मिनिटं थांबायचं. इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी काढायची, पुसायची, पूर्ण आत घालायची, पुन्हा काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. पुसायला सासऱ्यांचा जुना सुती बनियन, कारण टेरिकॉटचं कापड तेल टिपत नाही, नुसतं पसरवतं.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची डोंबिवली. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. डिझेल म्हणजे टेम्पो नाहीतर टॅक्सी, असा समज असताना सासऱ्यांनी घरासाठी नवी डिझेल गाडी घेतली. ती चालू झाली की दुसऱ्या मजल्यावर सासूबाईंच्या मांडणीतले पेले वाजायचे. "निघालं तुमचं जहाज," त्या म्हणायच्या. नवरा फिरतीच्या नोकरीत, त्यामुळे गाडी सासऱ्यांची आणि माझी झाली. मला चालवायलाही त्यांनीच शिकवलं.

सासरे रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याशी आपला रंग जुळतो की नाही, हे ते नजरेने ठरवत आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय माल बाहेर पडत नसे. साहजिकच आमच्याकडे ऑइलची नुसती पातळी बघून भागत नव्हतं. पट्टीच्या टोकावरचा एक थेंब ते फिल्टर पेपरवर टाकत. तो वाळला की मी कागद वहीत चिकटवायचा आणि खाली तारीख, किलोमीटर लिहायचे. मला याद्या करायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे आमचं जमलं.

गाडीचा मिस्त्री खाडीकाठचा होता. घर कोळ्यांचं, वडिलांची मासेमारीची होडी. त्या होडीचं डिझेल इंजिन खोलता-जोडता तो तयार झाला आणि पश्चिमेला रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून गाड्या घेऊ लागला. याला डिझेलचं कळतं, हे सासऱ्यांनीच कारखान्यात सांगितलं. त्यांच्या शब्दावर पाच जणांनी आपली वाहनं त्याच्याकडे नेली.

ही थेंबांची वही सुरू झाली तोवर गाडीचं पहिलं ऑइल काळं होऊन बदलायला आलं होतं, आणि ते बदलायचं झालं तेव्हा सासरे ड्यूटीवर होते. मी सकाळी गाडी सोडली, संध्याकाळी आणली. उरलेलं नवं ऑइल मिस्त्रीने डब्यातच परत दिलं. पुढच्या रविवारी पट्टी काढली तर थेंब काळा. सासऱ्यांनी डब्यातल्या नव्या ऑइलचा थेंब शेजारी टाकला. तो मधासारखा.

"बदललंच नाही," ते म्हणाले. "लिही."

"बाबा, आधी त्यांना विचारू या का?"

"विचारायचं काय? समोर दिसतंय."

मी लिहिलं, 'ऑइल बदललेले नाही.'

तसेच आम्ही शेडवर गेलो. तिथे दोघे-तिघे रिक्षावाले बसले होते. सासऱ्यांनी आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आठवड्यात ऑइल इतकं काळं होत नाही. तुम्ही जुनंच ठेवलंत."

"काका, डिझेल हाय. कालाच होनार."

"मी पंचवीस वर्षं रंग बघतोय."

"रंग बघितला ओ. इंजिन कदी बघितला?"

एक रिक्षावाला हसला. ते हसू सासऱ्यांना लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कारखान्यात फिल्टर पेपर दाखवला आणि पाचही जणांनी मिस्त्रीकडे जाणं बंद केलं. इतकंच नाही, ते पाच आणखी कितीजणांना बोलले असतील.

महिन्याभराने मी मासळी घ्यायला पश्चिमेला गेले तेव्हा शेडमध्ये एक उघडी रिक्षा होती, बाकी जागा रिकामी. मिस्त्री उलट्या पिंपावर बसला होता. मला बघून उठला.

"वहिनी, गारी बरी चालते ना?"

"चालते."

"मंग झाला," तो म्हणाला आणि पुन्हा बसला.

शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. गाडी खरंच उत्तम चालत होती. मी घरी येऊन वही उघडली. माझ्या अक्षरातली ती ओळ मला बघवेना, पण खोडायला तरी माझ्याकडे पुरावा कुठे होता?

पुढची वेळ आली तेव्हा सासरे म्हणाले, "आता आपणच बदलू." मी यादी केली. पाना, घमेलं, नवा फिल्टर, नवा वायसर, पाच लिटरचा डबा, नरसाळं, वर्तमानपत्रं. इंजिन आधी थोडं गरम केलं, म्हणजे जुनं ऑइल पातळ होऊन सगळं उतरतं. सासरे वर्तमानपत्रावर पाठ टेकून गाडीखाली शिरले आणि खालचा नट सैल केला. पहिली धार घमेल्यात न पडता त्यांच्या बाहीत शिरली. सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या, "तो सदरा आता घरात आणू नका." शेवटचा थेंब पडेपर्यंत आम्ही थांबलो. नवं ऑइल मी स्वतः ओतलं. यादीतल्या प्रत्येक ओळीवर खूण केली. शंकेला कुठे जागाच ठेवली नव्हती.

तो आठवडा मी गाडी रोज ऑफिसला, ठाण्यात नौपाड्याला नेली. रविवारी सातला सासऱ्यांनी पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. थेंब टाकला. काळा.

 थेंब वाळेपर्यंत ते उन्हात उभे राहिले. मग मी वहीतलं मागचं पान उघडून शेजारी धरलं. दोन्ही थेंब त्यांनी वेगवेगळ्या कोनातून बघितले, कारखान्यात बघत तसे.

"जुळतंय," ते म्हणाले. "गाडी काढ."

शेडमध्ये नेमके तेच रिक्षावाले नव्हते, पण दुसरे होते. सासऱ्यांनी वही उघडून मिस्त्रीसमोर धरली. "या वेळी मी स्वतः बदललं. तरी काळंच. तुम्ही बरोबर होता, मी चुकलो." हेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मिस्त्रीने थेंबांकडे बघितलंही नाही. "काका, घरात लादी पुसतात ना? फडका सफेद ऱ्हायला तर समजायचा, लादी पुसलीच नाय. ऑईल आतली काजली धरतो, मंग इंजिन साफ ऱ्हातो."

"हे तेव्हाच सांगायचं."

"तवा तुमी आयकत होता?" मग म्हणाला, "हितं बोललाव, बरा झाला. पन फॅक्टरीत कोन सांगनार?"

"मी."

त्या संध्याकाळी मी त्या पाच जणांच्या नावांची यादी करून दिली, पुढे रिकामे चौकोन. सोमवारी सासरे वही घेऊन कारखान्यात गेले. ज्यांना एका वाक्यात सांगितलं होतं त्यांना आता प्रत्येकी अर्धा तास समजवावं लागलं. एक जण त्याच आठवड्यात शेडवर परत गेला, तिघे पावसाळ्याआधी. पाचवे, स्टोअर्सचे प्रमुख, म्हणाले, "तुम्ही एवढं खात्रीने म्हणाला होतात, म्हणजे काहीतरी असणारच." सासऱ्यांच्याच नजरेवरचा त्यांचा भरवसा सासऱ्यांना मोडता येईना. निवृत्तीनंतरही सासरे दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाला जात, विषय काढत, आणि परत आले की मी न विचारताच नकाराची मान हलवत.

वहीतली ती ओळ मी खोडणार होते. सासरे म्हणाले, "खोडू नको. खाली लिही." म्हणून तिथे दोन्ही आहे: 'ऑइल बदललेले नाही.' आणि त्याखाली, 'बदलले होते.'

आता आम्ही घोडबंदर रोडला राहतो. आताच्या डिझेल गाडीच्या सर्व्हिसिंगची वेळ झाली की मोबाइलवर निरोप येतो. रविवारी मी तरीही पट्टी काढते, जुन्या बनियनला पुसते आणि काळं ऑइल बघून बरं वाटतं. वहीच्या मागच्या खिशात ती यादी आहे. चार चौकोनांत सासऱ्यांच्या हातच्या खुणा आहेत. पाचवा मोकळा आहे, आणि त्याच्या कडेला, दर दिवाळीची एक, अशा बारीक पेन्सिलीच्या रेघा.