मावशीच्या कॅलेंडरची परवानगी

आमच्या पाऱ्यात, म्हणजे शंकर नगरच्या मोहल्ल्यात, कोणी आजारी पडलं की त्या घरी डबा जातो. कोणत्या दिवशी कोणाचा डबा, हे माझी मावशी ठरवते. ती शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण. सगळ्या पाळ्या ती मोबाईलच्या कॅलेंडरात लिहून ठेवते आणि दिवसभर फोनवर बायकांना सांगत बसते. मी नवा रायपूरच्या एका ऑफिसात वेबसाइटी बनवते. मला वाटलं, मावशीचा त्रास वाचवावा. म्हणून एक पान तयार केलं. मावशीनं त्यात एकदा लॉगिन केलं की पाळ्या सगळ्यांना आपापल्या फोनवर दिसणार.

रविवारी दुपारी तिच्या घरी गेले.

"म्हणजे माझा पासवर्ड तुले द्यायचा?" तिनं विचारलं.

"नाही. पासवर्ड तू कॅलेंडरवाल्यांच्याच पानावर टाकशील. तू हो म्हटलं की ते माझ्या पानाला एक टोकन देतात, लांबलचक अक्षरांची ओळ. ती दाखवली की तुझ्या नोंदी मला मिळतात."

परवानगीचा मजकूर फोनवर उघडला. तो कोणी वाचत नाही, मीही नाही. मावशीनं चष्मा पुसला आणि उत्तरपत्रिका तपासावी तसा ओळीओळीनं वाचला.

"नोंदी पाहणे, ठीक. बदलणे आणि मिटवणे? हे तुले काहून पाहिजे?"

ऑफिसातला कोड तसाच उचलला होता. "नकोय गं," मी म्हटलं.

"मंग मागितलं काहून?"

तिथंच बसून मी ते काढलं, फक्त पाहण्याची परवानगी ठेवली. तोवर तिनं पोहे केले. मग तिनं हो म्हटलं, पाळ्या पानावर आल्या आणि ती लहान मुलीसारखी खूश झाली. बायकांना लिंकही तिनंच पाठवली.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"तू ते पान बंद कर आधी. मागच्या गल्लीतल्या दीदीच्या नावाखाली मी लिहिलं होतं, कीमो चालू, तिखट नको. ते सगळ्यांना दिसून राहिलं. तिनं माझ्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून मीही फोनवर फक्त पाळ्याच सांगत होते."

मी पान लगेच बंद केलं. "पण मावशी, परवानगी तर तूच दिली होतीस," मी पुटपुटले.

"माझी दिली. तिची कुठं घेतली आपण?"

मी तारीख आणि पाळी एवढंच मागवायचं ठरवलं, खालची टीप अजिबात नाही. आणि दुसऱ्या दिवशी मावशी मला घेऊन दीदीकडे गेली. दारातच तिनं सगळं सांगून टाकलं, माझ्यावर काही ढकललं नाही. माझी मान खाली.

दीदी म्हणाली, "आजाराचं नका लिहू. पण तिखट नको, हे लिहा नं मोठ्या अक्षरात. आठ दिवसांपासून सगळ्या जणी ठेचा पाठवून राहिल्या, अन् मी पाण्यात धुऊन भाजी खाऊन राहिली."

मावशी आधी हसली. मग पदरानं डोळे टिपत दीदीच्या स्वयंपाकघरात शिरली आणि मुगाचं वरण लावलं.