ब्याऐंशी किलोचं ईझल

माझ्या ईझलचं वजन ब्याऐंशी किलो आहे. माझं बाहत्तर. दोघांनाही आडत दुकानाच्या एकाच काट्यावर एकाच दिवशी तोललं होतं, त्यामुळे आकड्यात चूक नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ईझल म्हणजे चित्र काढताना कागद उभा ठेवायचं स्टँड. शहाणी माणसं ते काखेत मारून हिंडतात. माझं हलवायला चार गडी लागतात, आणि त्यातला एक तरी तालमीतला असावा लागतो.

फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून मी सुभेदार म्हणून कडेगावजवळच्या आमच्या गावी परतलो. ऊस कारखान्याला गेला की शेतात फार काम उरायचं नाही, म्हणून मी चित्रं काढायला लागलो. मोबाईलवर बघून बघून झाडं शिकलो. (डोंगर मला आधीपासून यायचे. फौजेत नकाशे काढले होते.) आमच्या मंडळींना, म्हणजे शालनला, आधी वाटलं की हे खूळ दोन महिन्यांत जाईल. ते काही गेलं नाही, तेव्हा तिनं भिंतीचा विषय काढला.

आमच्या घराचं दार उघडलं की समोरच एक मोकळी भिंत आहे. आलागेला पहिल्यांदा तिच्याकडंच बघतो. शालनला तिथं काचेचं कपाट हवं होतं आणि मला माझं चित्र.

"आवं, तुमच्या चितरात म्हस कुठली आन् ढेकूळ कुठलं, कळत न्हाई," ती म्हणाली. "पावन्यास्नी मी काय सांगू?"

"शिकतोय अजून मी."

"मग एकदा जानत्या माणसानं चांगलं म्हनू द्या. परक्या माणसानं, घरातल्या न्हवं. त्या दिवशी भित तुमची. न्हाईतर दिवाळीला कपाट येतंय."

फौजेत एवढा स्पष्ट हुकूम मला कधी मिळाला नव्हता. त्याच आठवड्यात कळलं की पाचगणीच्या पठारावर नवशिक्यांसाठी एक दिवसाचं शिबिर आहे आणि शिकवणाऱ्या मॅडम शेवटी सगळ्यात चांगलं चित्र निवडणार आहेत. मी लगेच नाव घातलं. सोबत आणायच्या यादीत पहिलंच होतं, 'स्वतःचं ईझल'.

ते निवडायला आम्ही दोघं सांगलीला गेलो. आता आमच्याकडं वस्तू घ्यायची तर ती आधी हलवून बघतात. खाट असो, शिडी असो, दोन्ही हातांनी धरायची आणि गदागदा हलवायची. नुसतं बघून घेणाऱ्याला आमच्याकडं येडा समजतात. मी दुकानातलं पहिलं ईझल धरलं, चांगलं पॉलिश केलेलं लाकडी, आणि हलवलं. त्याचा एक पाय दाराकडं गेला आणि उरलेले दोन माझ्या अंगावर आले.

"काका, हळू," दुकानदार म्हणाला. "नवशिक्यांना हेच बरं पडतं. हलकं आहे."

"ह्ये वाऱ्यानं पडंल."

"नाही पडत हो."

"मी धरलं तर पडलं. वारा काय माझ्यापेक्षा हडकुळा हाय?"

दुसरं ॲल्युमिनियमचं निघालं. त्याच्यावर मी कोपर टेकून जरा रेलून बघितलं, तर ते हळूहळू मिटत गेलं आणि त्याच्याबरोबर मीही खाली बसलो. तिसरं टेबलावर ठेवायचं होतं. "ह्याच्यावर पोथी ठेवत्यात," शालन म्हणाली आणि तेही बाद झालं. तोवर दुकानदाराचा धीर सुटला होता.

"काका, ईझलवर चित्र टेकवायचं असतं. माणूस नाही."

हे वाक्य मी तेव्हाच मनावर घेतलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी ताठ मानेनं बाहेर पडलो आणि गावात येऊन थेट म्हादूकडं गेलो. म्हादू उसाच्या ट्रॉल्या बनवतो. त्याची ट्रॉली उलटली असं पंचक्रोशीत कुणी ऐकलेलं नाही.

"किती टनाचं पायजे?" म्हादूनं विचारलं.

"आरं, चित्र ठेवायचंय."

"ठेवा की. पन किती टन?"

त्याला दुसरा प्रश्नच ठाऊक नव्हता, आणि मलाही दुसरं उत्तर सुचलं नाही. "तू आपला ट्रॉलीच्या हिशोबानं कर," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी ईझल तयार झालं. सगळं लोखंडी अँगलचं, चार पायांचं, लाल रंगाचं, कडेनं पिवळे पट्टे. दोन्ही अंगांना दोर आवळायचे हूक होते, वरच्या टोकांना केशरी गोंडे होते, आणि मागच्या बाजूला रेडियम लावून ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अंतर ठेवा'.

"म्हादू, ह्ये कशाला रं?"

"ट्रॉलीच्या मागं असतंयच की."

शालननं हळदीकुंकू लावून त्याच्या पायावर नारळ फोडला. नारळाच्या दोन वाट्या झाल्या, ईझलला धक्काही लागला नाही. मग मी ते दोन्ही हातांनी धरलं आणि जीव खाऊन हलवलं. ते जागच्या जागी राहिलं, हललो मीच. खोटं कशाला सांगू, माझी छाती अभिमानानं फुगली.

शिबिराच्या दिवशी म्हादूच्या पिकअपमध्ये ईझल चढवलं आणि आम्ही तिघं निघालो. वाईला चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं विचारलं, "किती फुटावर पानी लागलं?" त्याला ते बोअरचं सामान वाटलं होतं. मी त्याला ईझल म्हणजे काय ते सविस्तर सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "व्हय, पन पानी?"

पठारावर गाडी सोडत नव्हते. मी, म्हादू आणि दोन घोडेवाले, अशा चौघांनी ईझल आडवं करून खांद्यावर घेतलं. वर गोंडे डुलत होते आणि मागून शालन भाकरीचं गाठोडं घेऊन गंभीर चेहऱ्यानं चालत होती. समोरून येणारी एक म्हातारी बाजूला झाली आणि तिनं हात जोडले. (मी चौघांतला पुढचा डावा होतो, मला हसताही येईना.)

बाकीच्या वीस-बावीस जणांची ईझलं टाचणीसारखी बारीक. मॅडम माझ्याजवळ आल्या. "हे... आपलं आहे?"

"व्हय. ईझल हाय."

त्यांनी त्याला एक फेरी मारली, मागचं 'अंतर ठेवा' वाचलं आणि खरंच दोन पावलं मागं झाल्या.

मग मी कागद काढला आणि ईझलसमोर उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. एवढ्या सगळ्या लोखंडात कागद टेकवायला पट्टी नव्हती आणि धरायला चापही नव्हता. चित्र कुठं अडकवायचं, हे ना माझ्या डोक्यात आलं होतं ना म्हादूच्या.

"तुमी ठेवायचं म्हनलासा," म्हादू म्हणाला, "धरायचं कुठं म्हनलासा?"

त्यानं पिकअपमधून सुतळीचा गुंडा आणला. कागद पुठ्ठ्यावर लावून पुठ्ठा हुकांना बांधला आणि मी कामाला लागलो. समोर खाली सगळी दरी होती. धरणाचं पाणी, शेतांचे चौकोन, पलीकडं डोंगर. डोंगर तर मला येतातच. आणि सांगायला संकोच वाटत नाही, त्या दिवशी माझा हात चांगलाच चालला. मॅडम फिरत फिरत आल्या, चष्मा वर करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, पाणी फार सुंदर उतरलंय. हे मी लक्षात ठेवणार."

शालननं भाकरीची गाठ सोडता सोडता ते ऐकलं. तिनं मला भाकरीबरोबर ठेचा जरा जास्तच वाढला. भिंत आता हातभर अंतरावर होती.

आणि दुपारी वारा सुटला. आधी एक ईझल पडलं, मग तीन, मग सगळीच पळायला लागली. कुणी ईझलच्या मागं, कुणी टोपीच्या मागं. एका गृहस्थांनी तर दुसऱ्याचंच ईझल पकडून आणलं. माझं तेवढं उभं. गोंडे आडवे झाले होते, बाकी पाय एक सूतही हलला नव्हता. माझ्यातला सुभेदार जागा झाला.

"सगळी चित्रं हिकडं!" मी ओरडलो. "एका रांगेत या! म्हादू, आवळ!"

म्हादूनं उसाच्या मोळ्या आवळाव्यात तशी चित्रं आवळली. पुढं सहा, मागं सात, बाकीची बाजूंना. त्यांची ईझलं पाय मिटून हुकांत अडकवली. शेवटी माझ्याच वयाच्या एक बाई राहिल्या. चित्र पोटाशी धरून उभ्या होत्या आणि सुतळी संपली होती. मी माझ्या चित्राची सुतळी सोडून त्यांचं बांधलं. माझं चित्र उजव्या हातात धरलं. एका हाताला काय जड होतं?

तेवढ्यात मॅडम धावत आल्या. "सुभेदारसाहेब, तुमच्यामुळं सगळ्यांची चित्रं वाचली. मानलं तुम्हाला!"

अठ्ठावीस वर्षांची सवय. वरिष्ठानं शाबासकी दिली की काय करायचं ते हाताला सांगावं लागत नाही. मी टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला.

उजव्या हातानं.

चित्र दरीचं होतं, दरीतच गेलं. आम्ही सगळे कडेला उभं राहून ते दिसेनासं होईपर्यंत बघत होतो. म्हादूनं टोपीसुद्धा काढली.

पहिलं आलं ते त्या बाईंचं चित्र. "जे समोर नाही ते मी कसं निवडू?" मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग सगळ्यांनी माझ्या ईझलभोवती उभं राहून फोटो काढला, चौघांनी म्हादूचा नंबर घेतला. मला वाईट वाटत होतं, फार वाईट. परतीला वाई मागं पडली.

"भित तुमची," शालन एकदम म्हणाली.

"आगं, चित्र कुठं हाय आता?"

"मॅडम सुंदर म्हनल्या त्ये मी ह्या कानानं ऐकलंय. शिवाय सगळ्यांचं राखलं आन् सोताचं सोडलं, आसा मानूस माझ्या घरात हाय. कपाट सैपाकघरात ठिवू."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, कारण डोळ्यांत वारा गेला होता.

भिंतीवर आता तो शिबिराचा फोटो आहे, चांगल्या जाड चौकटीत. मधोमध ईझल, त्याला बांधलेली चित्रं, भोवती हसणारी माणसं. मी सवयीनं ईझलला मागून आधार द्यायला गेलो होतो, त्यामुळे माझी फक्त टोपी दिसते. आलागेला विचारतोच, "सुभेदार, ह्यातलं तुमचं चित्र कुठलं?" शालन चहा घेऊन तिथंच उभी असते, आणि मी ताठ मानेनं सांगतो, "ह्यात न्हाई. पाचगणीला गेलासा तर पठाराच्या कडंला उभं राहून खाली बघा. पालथं पडलं नसंल, तर दिसंल."