कोकरू खाली धरावं लागतं

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पावटे सोलणं. ओट्यावर ऊन आलं होतं. मध्ये सूप, त्याच्या पलीकडे ती, आणि तिच्या मांडीला टेकून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडं. तिच्या चष्म्याची एक दांडी मोडलेली, तिथं दोरा बांधलेला. एका हाताने तो दोरा सावरायचा, दुसऱ्याने शेंग सोलायची आणि तोंडाने वाचायचं, अशी तिची तिन्ही कामं एकदम चालायची. मी नुसता सोलायचो आणि ऐकायचो.

"अवो, किडकं येगळं टाका की," ती वाचता वाचताच म्हणाली. "वचन ऐकताय का नुसतं बसलाय?"

"ऐकतोय बी आन् सोलतोय बी. तू वाच."

"एक बी धड व्हत न्हाई तुमचं."

त्या दिवशीचं स्तोत्र रडकं होतं. लिहिणारा देवाला म्हणत होता, मी खड्ड्यात पडलोय आणि तुझं माझ्याकडे लक्ष नाही. ती निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात खाली रस्त्याला गॅसची गाडी आली. आमच्याकडे ती आठवड्यातून एकदाच येते, आणि चुकली की चूल पेटवावी लागते. तिने सुपातलं एक मोकळं टरफल उचललं, पानात घातलं आणि पुस्तक मिटलं.

"ऱ्हाऊ द्या, उरल्यालं उद्या. आधी टाकी घिऊन जावा."

मी रिकामी टाकी घेऊन गेलो, भरलेली घेऊन आलो. ती भिंतीला टेकून बसली होती, ओच्यात पावटे. उन्हात डोळा लागला असेल म्हटलं. मी आत गेलो, टाकी लावली, दोघांचा चहा ठेवला, आणि चहा गाळल्यावर तिला हाक मारली. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, काका, तुम्ही परत यायच्या आधी की नंतर ते सांगता येणार नाही, पण एका क्षणात झालं. एका क्षणात झालं म्हणून मला बरं वाटावं, असं त्यांचं म्हणणं दिसलं.

माझी शाळा दुसरीपर्यंत. बाप मेंढरं राखायचा, मीही राखली. पावसाळा सरला की घाटाखाली उतरायचं, उन्हाळा संपता संपता वर यायचं. पुढे मेंढरं गेली आणि घोटावड्याच्या बाजूला एका कारखान्यात गेटवर लागलो. ती सातवी शिकलेली, मिशनच्या शाळेतली. लग्नाआधी माझा देव वेगळा होता. तिचं रोज सकाळचं वाचणं ऐकता ऐकता मी तिच्या प्रभूचा झालो. कुणी पकडून केलं नाही.

वाचणं तिचं आणि प्रार्थना माझी, अशी आमची वाटणी. वाचायची ती ओळीने. आज इथं थांबलो तर उद्या तिथून पुढं. आवडीचं काढून वाचायचं नाही. "येचायचं ते पावटं," म्हणायची, "वचन न्हाई." म्हणून लढाया, वंशावळी, तंबूच्या खुंट्या, सगळं माझ्या कानावरून दोन-तीनदा गेलेलं आहे.

सुरुवातीला मी प्रार्थना करायचो ती आमच्या चर्चच्या पहिल्या पाळकांसारखी. हे सर्वसमर्था, हे थोरा, हे अमुका. ती डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायची, "त्यो मोठा हाय हे त्याला म्हायती हाय. तुमचं काय झालंय ते सांगा." तेव्हापासून मी जे आहे ते सांगत आलो. शेळी आटली, सांगितलं. पोरीला ताप, सांगितलं. एकदा गेटवर सायबाने सगळ्यांदेखत माझी टोपी काढून फेकली. दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीची काच फोडायची असं ठरवून मी सकाळी उठलो. वाचन ऐकलं, प्रार्थनेत काच सांगितली, दगड कुठला घेणार तेही सांगितलं. एवढं बोलून झाल्यावर हात काही उठला नाही. कामावर गेलो आणि गेट उघडलं. माझं ख्रिस्तीपण एवढंच आहे. सकाळी भरून घ्यायचं आणि दिवसभर पुरवायचं.

ती गेल्यावर आठ दिवस मी प्रार्थना केली नाही. शास्त्र फडताळात होतं तसंच होतं. तोंड उघडायचो आणि शब्द यायचा नाही. आता हे कायमचंच बंद झालं की काय, तिच्याबरोबर माझी प्रार्थनाही मातीत गेली की काय, याची मला मनातून धास्ती बसली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला जागाच कुणी ठेवली नाही.

कारण चर्चच्या मंडळीतल्या माणसांनी मला वचनांनी मारायला घेतलं होतं. फोन सकाळी सहाला वाजायला लागायचा. गुलाबाचं फूल आणि त्यावर वचन. उगवता सूर्य आणि त्यावर वचन. सर्वदा आनंद करा. सगळ्यांसाठी उपकार माना. पाठवणाऱ्यांतले निम्मे माझ्या घरी कधी पाणी प्यायला आले नव्हते. जेवण झालं का, हे एकानेही विचारलं नाही. वचन पाठवलं की यांचं काम झालं. माझ्या बायकोने शास्त्र जन्मभर ओळीने वाचलं, आणि ही माणसं त्यातले गोड दाणे तेवढे उचलून माझ्या अंगावर फेकत होती.

एक बाई मुठ्याहून आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "देवाला चांगली माणसं आधी लागत्यात."

"मंग तुमी कशा ऱ्हायल्या अजून?" मी विचारलं.

त्या लगेच उठल्या नाहीत, पण चहा अर्धा ठेवला. मुलगी माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. बघू दे.

मुलगी माझी चांगली आहे. हिंजवडीत नोकरी, तिथंच चौदाव्या मजल्यावर घर. आठ दिवस रजा काढून राहिली. मी पुस्तक उघडत नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला वाटलं मला वाचता येत नाही म्हणून उघडत नाही. तिने फोनमध्ये काहीतरी घातलं.

"बाबा, आता हाच वाचून दाखवेल तुम्हाला. बटण दाबायचं फक्त."

दाबलं. एक माणूस बोलायला लागला. आवाज असा घोटीव, की बातम्या सांगतोय का वचन ते कळेना. कुठे खोकला नाही, कुठे अडखळणं नाही, मध्येच "दूध उतू जातंय बघा" नाही.

"बंद कर त्याला," मी म्हटलं.

"अहो, पण शब्द तेच आहेत ना, बाबा?"

"शब्द तेच हायेत. पर ह्यो बाबा माझ्या घरचा न्हाई."

ती रडायला लागली. मग मलाच तिच्या डोक्यावर हात ठेवावा लागला. तिचीही आई गेली होती, हे मी रागाच्या भरात विसरत होतो.

आठव्या दिवशी संध्याकाळी घरी सांत्वनाची सभा ठेवली. जुने पाळक कधीच वारले. आताचे पाळक हिंजवडीहून येतात. वय तिशीचं, आधी कंपनीत होते. माणूस वाईट नाही, पण माईक हातात आला की त्यांचं अंगण मोठं होतं. माझ्या ओट्यावर तीस माणसं, आणि त्यांना माईक पाहिजे. बरोबर बाजाची पेटी वाजवणाराही आणलेला.

"अंकल," पाळक म्हणाले, "आज रडायचं नाही. विश्वासणाऱ्यांच्या घरी आज सेलिब्रेशन आहे."

 गाणी झाली, टाळ्यांसकट. मग त्यांनी दाखला दिला. ओढ्याला पाणी आहे. मेंढी पाण्यात उतरायला तयार नाही. मेंढपाळ काय करतो? तिचं कोकरू उचलतो, खांद्यावर घेतो आणि पलीकडे नेतो. मग मेंढी आपोआप मागून येते. "तसंच प्रभूने आंटीला आधी पलीकडे नेलंय, अंकल. तुमचं लक्ष वर लागावं म्हणून. तेव्हा तक्रार नको. कुरकुर हे अविश्वासाचं लक्षण आहे."

लोक "आमेन" म्हणाले. माझं डोकं फिरलं.

"पाळक सायेब," मी बसल्या जागेवरून म्हटलं, "मेंढरं राखलीत का कदी?"

"नाही अंकल. हा दाखला मी एका प्रवचनात ऐकला."

"ज्यानं प्रवचन दिलं त्यानं राखली व्हती?"

मागे कुणीतरी हसलं. मुलगी म्हणाली, "बाबा, बसा ना."

"बसलोयच. उभा कुटं हाय मी?" आणि मग मी सांगितलं, कारण एवढी एकच गोष्ट मला त्या पाळकांपेक्षा जास्त येते. "कोकरू खांद्यावर घितलं ना, तर मेंढी मागनं येत न्हाई. येतच न्हाई. मेंढीला वर बघायचं कळत न्हाई, तिला वास लागतो. कोकरू उचललं की तिच्या हिशेबी ते ग्येलं. मंग ती उलटी पळती. जितं व्याली तितंच जाऊन हुबी ऱ्हाती आन् वरडती. तिला आणायची तर कोकरू खाली धरावं लागतं, तिच्या नाकाम्होरं. मेंढपाळाला कमरंत वाकून चालावं लागतं, पार पाठीचा काटा ढिला होस्तोवर. ताठ चालणाऱ्याच्या मागं मेंढी जात न्हाई."

 बाजेवाल्याने पट्टीवरची बोटं काढून घेतली.

"आन् वरडती म्हून तिला कुणी बेइमान म्हणत न्हाई," मी म्हटलं. "वरडायची थांबली की मातूर आमी घाबरतो. गप झाल्याली मेंढी दुखण्यातली आसती."

मंडळीतली एक म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, "खरं हाय त्याचं. माझा भाऊ बी असंच सांगायचा." तिच्या माहेरी मेंढरं होती.

पाळकांनी माईक खाली ठेवला. त्यांचा चेहरा शाळेत उत्तर चुकलेल्या पोरासारखा झाला होता, आणि मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच. प्रार्थना त्यांनी चार ओळींत उरकली. जाताना चपला घालता घालता त्यांनी मला हळूच विचारलं, "अंकल, मग मेंढी ओरडत असताना मेंढपाळ काय करतो?"

"काय करतो म्हंजे? तोंडानं आवाज दितो. मी हितं हाय म्हून सांगतो."

"मग प्रभूही—"

"मला आला न्हाई अजून आवाज," मी म्हटलं. "आठ दिस झाले. आला की तुमाला कळवीन."

ते माझा हात धरून उभे राहिले. वचन सांगितलं नाही. त्या आठ दिवसांत घरी आलेल्या माणसांत वचन न सांगता गेलेला तो पहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी अजून झोपली होती. मी चहा केला, एक कप. ओट्यावर ऊन यायची वाट बघितली. मग फडताळातून शास्त्र काढलं आणि तिच्या जागी बसलो, माझ्या नाही. दोरा बांधलेला तिचा चष्मा घातला. माझ्या डोळ्यांना तो तसाही चालतो.

टरफल पानात होतं. वाळून पिवळं झालेलं, पण पान उघडलं तसा पावट्याचा उग्र वास आला, आणि त्याच्याखाली तिच्या खोबरेल तेलाचा. मी पुस्तक तसंच नाकाशी धरून थोडा वेळ बसलो.

मग बोट ठेवून वाचायला लागलो. एक एक अक्षर जोडत. तिने सोडलं होतं त्याच्या पुढच्या ओळीत तो लिहिणारा म्हणत होता, की रोज सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. त्याच्या पुढे लगेच विचारत होता, की मग तू तोंड का फिरवतोस. मला वाटलं, आता शेवटी उपकारस्तुती येणार. बहुतेक स्तोत्रांत येते, तिने वाचताना मी ऐकलंय. आली नाही. जिवाभावाची माणसं तू लांब नेलीस, आता सोबतीला काळोख राहिला, एवढं म्हणून त्याने संपवलं. छपाईत काही राहिलं का म्हणून मी पान उलटलं. तिथं दुसरंच स्तोत्र सुरू होतं. म्हणजे एवढंच होतं. एका माणसाने देवाला तोंडावर असं सुनावलं, आणि ते कुणी खोडलं नाही, शास्त्रात ठेवलं. गुलाबाच्या फुलावर हे मला कुणी पाठवलं नव्हतं.

मी डोळे मिटले नाहीत. टोपी काढली आणि जे आहे ते सांगितलं. टाकी, चहा, हाक, सगळं. पोरीला उद्या जायचंय ते सांगितलं. चौदाव्या मजल्यावर मी राहायला जाणार नाही तेही सांगितलं. मग म्हटलं, "तू मेंढपाळ म्हणवतोस ना? मंग तिला आसं वर घिऊन ताठ चालू नगंस. जरा वाक. खाली धर."

मोठ्याने म्हटलं असणार, कारण मुलगी दारात येऊन उभी होती.

"कुणाशी बोलताय, बाबा?"

"हाय एक जण," मी म्हटलं. "चहा घे. आन् सूप आण हिकडं, पावटं तसंच पडल्यात."

टरफल उचललं आणि पुढच्या स्तोत्राच्या पानात ठेवलं.