काळी चारची पट्टी

माझा थोरला भाऊ मनमाडला रेल्वेत होता. बदलीच्या सामानात त्याच्या गिटारची मान मोडली, ती मोडकी गिटार मी मागून घेतली. आमच्या गायन पार्टीतल्या एका मेंडोलिनचं पोट फुटलं होतं, मान मात्र शाबूत होती. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या सुतारकाकांनी ती मान गिटारच्या पोटाला बसवून दिली. ही गोष्ट सत्त्याहत्तरच्या आसपासची. मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि पार्टीत कोरसला होते.

पेटीमास्तर वाद्य बघून हसले. हे धड मेंडोलिन नाही, धड गिटार नाही, आणि बायकांनी गावं, वाजवायच्या भानगडीत पडू नये, असं त्यांचं म्हणणं. मी तारा आणायला निघाले.

मेन रोडच्या दुकानदाराने आधी मेंडोलिनच्या तारा दिल्या. त्यांच्या टोकाला फास असतो, तो गिटारच्या घोडीत, म्हणजे पोटावरच्या तारा अडकवायच्या पट्टीत, अडकेना. मग गिटारच्या तारा लावल्या. त्यांच्या टोकाची गोळी नीट बसली, पण आखूड मानेवर त्या ढिल्या पडून नुसत्या फडफडल्या. शेवटी गिटारचेच दोन संच घेऊन त्यांतली पहिली, दुसरी, चौथी आणि पाचवी तेवढी निवडली, जोड्या करून चढवल्या आणि ताणल्या. आठ तारांच्या ओढीने घोडी उचलायला लागली. जाड तारांच्या जोड्या मोडून एकेकच ठेवली. सहा तारांवर वाद्य टिकलं.

आता सूर. मास्तर कायम पेटीच्या काळी एकमध्ये गात, ती त्यांच्या गळ्याची पट्टी. आम्ही सहाजणी त्यात वर चढलो की आवाज चिरकायचे आणि लोक म्हणायचे, बायकांना गाता येत नाही. मी आमच्या आवाजाला सोसणारी काळी चार धरली आणि त्यात तारा लावल्या: सा, प, वरचा सा, वरचा प. मोकळ्या तारा छेडल्या तरी आमच्या गळ्याला आधार मिळत होता.

बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी विहारापुढे कार्यक्रम होता. मास्तरांनी नेहमीप्रमाणे काळी एक दाबली. आम्ही कोणीच तोंड उघडलं नाही. त्यांनी पुन्हा सूर दिला.

"मास्तर, बायका काळी चारमध्ये गाणार," मी म्हणाले.

"मग पेटी कोण वाजवणार?"

"तुम्ही वाजवा. नाहीतर हे आहे."

मी षड्ज छेडला आणि आम्ही सुरू झालो. पहिलं कडवं पेटीशिवाय झालं. एक बारीक तार थोडी उतरली होती, पण वरचा सूर सहाजणींना एकदम लागला. समोर बसलेल्या बायका ताठ झाल्या. दुसऱ्या कडव्याला पेटी आली, काळी चारमध्ये.

मास्तर वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पेटी मात्र वाजवत राहिले. विंचूरला, चांदवडला आम्ही पुढे बरीच वर्षं गायलो. तिथे कोणी ना कोणी विचारायचंच, हे वाद्य कोणतं? मी सांगायची, आमचं आहे.