घंगाळावरचं नाव

१५ ऑगस्ट १९७२. गावच्या शाळेचं पटांगण. हजर: इंग्रजांच्या काळात शेतसारा न भरलेले आणि अजून हयात असलेले म्हातारे, त्यांत माझे सासरे, जे गेले त्यांच्या बायका, मामलेदार, शाळेची मुलं, आणि चुलीकडे माझी थोरली जाऊ, आळीतल्या बायका आणि मी.

मी सांगलीला शाळेत शिकवते. सत्काराचं जेवण ठरलं तेव्हा रजा काढून गावी आले, कारण घरच्या कुठल्याही कार्यात भांड्यांची व्यवस्था माझ्याकडे असते. त्या वर्षी पाऊस नव्हता. म्हसवडच्या बाजूने टँकर येणार होता आणि ते पाणी साठवायला मोठी भांडी कमी पडत होती. मी माळ्यावर चढले. धान्याच्या पोत्यांमागे एक तांब्याचं घंगाळ पालथं घातलेलं होतं, काजळीने काळं झालेलं. लग्न होऊन मला वीस वर्षं झाली होती, पण ते कधी खाली आलेलं पाहिलं नव्हतं. मी ते उतरवून घेतलं आणि चिंच-राख लावून लख्ख घासायला सांगितलं. पिण्याचं पाणी ठेवायचं तर भांडं स्वच्छ हवं, एवढाच माझा विचार.

सत्कार चांगला झाला. मामंजींना शाल-नारळ मिळाला. त्यांनी दोनच वाक्यं बोलायची असं ठरलं होतं, पण ते रंगले.

"आमी सारा भरला न्हाई. सरकारनं घराघरांतनं भांडी उचलली, तालुक्याला लिलाव मांडला. पर गावानं शपथ घेतली हुती. बोली लावील त्याला गावात विस्तवसुदिक मिळायचा न्हाई! आन् एका बी मानसानं बोली लावली न्हाई."

टाळ्या झाल्या. मीही चुलीजवळून वाजवल्या. सासऱ्यांचा मला अभिमान होता, वर्गात मुलांना त्यांची गोष्ट सांगायचे.

पंगती उठल्यावर भांडी वाटून द्यायची वेळ आली. आमच्याकडे त्याची सोपी रीत आहे: प्रत्येक भांड्यावर ठिपक्यांनी नाव घातलेलं असतं, नाव वाचायचं आणि ज्याचं त्याच्याकडे द्यायचं. जाऊबाई एकेक भांडं उचलून अक्षर लावत वाचत होत्या. घंगाळाची पाळी आली. त्यांनी काठ उजेडाकडे फिरवला, वाचलं आणि खालच्या आळीतल्या म्हातारीकडे सरकवलं.

"घ्या आत्ती, हे तुमचं."

"थांबा," मी म्हटलं. "ते आमचं आहे. मीच माळ्यावरून काढलंय."

"नाव तर आत्तींचं हाय की. न्हाईतर मास्तरीणबाई, तुमीच वाचा. तुमी शिकलेल्या."

बायका हसल्या. मी हसत वाकले आणि मोठ्याने वाचलं. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, मग त्या आत्तींचं नाव, हीस मामाकडून.

हसणं थांबलं. आत्ती पुढे आल्या. वाचता त्यांना येत नव्हतं. त्यांनी कडी धरली, अंगठा तिच्याजवळच्या काठावर फिरवला.

"हितं जरा चेपलंय बगा. लग्नाच्या वराडात गाडीतनं पडलं हुतं. मामा लय चिडला हुता गाडीवानावर." मग म्हणाल्या, "जप्तीत गेलं. आमचं मालक म्हनायचं, बाहेरगावच्या कुनीतरी घेतलं आसंल." त्यांनी मांडवाकडे पाहिलं. मामंजी शाल पांघरून मामलेदारांशी बोलत होते. "बाहेरगावचा न्हवता म्हना की."

आता काय करायला हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी मात्र हातातल्या भांड्यांच्या यादीच्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आत्ती, आज गर्दी आहे. नंतर बघू." आणि जाऊबाईंनी घंगाळ आमच्या गाडीत ठेवलं. आत्तींनी आपली परात उचलली आणि त्या गेल्या.

घरी आल्यावर मी मामंजींना विचारलं. त्यांनी शाल नीट घडी करून खुंटीवर ठेवली.

"दुसऱ्या गावच्या मानसाकडनं बोली लावली. त्यांच्या घरचं परक्याच्या हातात जाऊ नये म्हनून. परत द्यायलाच घेतलं हुतं."

"मग दिलं का नाही?"

"कसं देनार? दिलं आसतं तर बोली कुनी लावली ते कळलं आसतं."

त्यावर मला उत्तर सुचलं होतं: रात्री त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून यायला किती वेळ लागला असता? पण सासऱ्यांना असं विचारायची पद्धत नव्हती, आणि ती पद्धत त्या दिवशी मला फार सोयीची वाटली.

"आता मी देऊन येऊ का?"

"आजच शाल घातलीया मला. माझं डोळं मिटूं द्या, मग काय करायचं ते करा."

घंगाळ परत माळ्यावर गेलं. मी सांगलीला आले आणि वर्गात ती गोष्ट सांगायची बंद केली.

तीन-चार वर्षांनी, मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी असताना आत्तींचा मुलगा दारात आला. मामंजी सोप्यात बसले होते. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "आईनं इचारलंय, पोरीची हळद हाय, न्हायला मोठं भांडं न्हाई. तुमचं घंगाळ मिळंल का दोन दिवस? घासून परत देतो."

तुमचं घंगाळ! मला वाटलं मामंजी आता तरी बोलतील. ते बाहेर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "द्या." मी जाऊबाईंच्या मदतीने ते उतरवलं. 'परत आणू नका' एवढे तीन शब्द माझ्या तोंडाशी आले होते. सोप्यात मामंजी होते, दारात शेजारची माणसं होती. मी म्हणाले, "सावकाश आणा."

नातीची हळद त्या घंगाळातल्या पाण्याने उतरली. मी लग्नाला गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

दोन दिवसांनी घंगाळ आलं. आत्ती स्वतः आल्या होत्या, मुलाच्या डोक्यावर ते देऊन. चिंचेने असं घासलेलं की नावाचा ठिपका न् ठिपका मोजून घ्यावा. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करू नये अशी आमच्याकडे रीत आहे, म्हणून आत लग्नाचे लाडू, खोबऱ्याची वाटी आणि पसाभर ज्वारी होती. दुष्काळातून नुकतं वर आलेलं घर ते.

"बगून घ्या," आत्ती मला म्हणाल्या. "तुमचं तुमाला पोचलं."

मी "पोचलं" म्हणाले. त्यांच्याकडे बघता आलं नाही. ज्वारी डब्यात ओतली, लाडू मुलांना वाटले. मी खाल्ला नाही.

पुढच्या वर्षी मामंजी गेले. शाळेत त्यांचा फोटो लागला, दर पंधरा ऑगस्टला हार पडतो. डोळे मिटू द्या, असं ते म्हणाले होते. आता दीर म्हणतात, फोटो आहे तोवर नको, गावात चर्चा होईल. मी त्यावर वाद घातलेला नाही. बाकी सगळ्या बाबतीत घालते.

आज १९७९ साल संपत आलंय. आत्ती आहेत, अंथरुणाला खिळल्या आहेत असं जाऊबाईंचं पत्र आलं. दर सुट्टीत गावी जाताना कामांचा कागद करते: रेशनकार्डावरचं नाव, विहिरीची मोटार, माळ्याची कौलं. ती कामं उरकून मी सांगलीची एसटी धरते. घंगाळ नेऊन द्यायचं राहिलंय. रिकामं नेता येत नाही, आणि आत काय घालून न्यावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.